लोसाच्या दोन टोपल्या

फुआतिनो बसमधून उतरली तेव्हा आत्याने तिच्या हातातली पिशवी घेतली, गालाला गाल लावला आणि घरी पोचायच्या आधीच विचारलं, "दानाचा अभ्यास करायला आलीस म्हणे. त्यात अभ्यास कसला गं करायचा?"

"कोण कुणाला काय देतं ते लिहायचं, आत्या."

"मग काम सोपं आहे. रविवारी चर्चमध्ये नावं वाचतात. उतरवून घे, पोटभर खा आणि परत जा. इकडेतिकडे फिरू नकोस."

आत्या हे हसत म्हणाली, पण शेवटचं वाक्य हसत म्हणाली नाही. फुआतिनोच्या ते लक्षात आलं नाही. आठ वर्षं पलीकडच्या बेटावर, राजधानी आपियात शिकलेल्या मुलीच्या अशा गोष्टी लक्षात येत नाहीत, त्यात तिचा दोष तरी किती म्हणायचा!

आपियातल्या एका दाननिधीने त्या वर्षी बारा विद्यार्थ्यांना फेलोशिप दिली होती. दहा आठवडे आपापल्या गावात राहायचं, गावातली देवाणघेवाण बघायची आणि शेवटी सगळ्या गावासमोर उभं राहून एका दात्याची गोष्ट सांगायची. त्या दात्याच्या घरी निधीकडून पावसाच्या पाण्याची टाकी बसणार होती. फुआतिनो वीस वर्षांची, वर्गात पहिली येणारी, अक्षर मोत्यासारखं. तिचं गाव फागासिना, सवाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला जुन्या लाव्हाचा काळा दगड, जिथे गवतसुद्धा विचार करून उगवतं.

पहिल्या रविवारी तिने वहीत नावं उतरवली. आमच्याकडे दान मुकाट्याने देण्याची पद्धत नाही. कुठल्या घराने किती दिलं ते सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचतात, पहिल्या घराची मान ताठ होते आणि शेवटच्या घराची माणसं पंख्याने वारा घेत छताकडे बघतात. वाचायचं काम पाद्रीबाईंकडे होतं. पाद्रीबाई म्हणजे नव्या पाद्र्यांची बायको, दुसऱ्या बेटावरून चार महिन्यांपूर्वीच आलेली, गोड आवाजाची, कुणाचं वाईट चिंतणार नाही अशी. शेवटचं नाव त्यांनी वाचलं ते लोसाचं. मागून कुणीतरी खिदळलं, "बिंगोत हरली असणार!" आणि लोसा स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसली.

लोसा सहासष्ट वर्षांची. उपोलू बेटावरून लग्न होऊन या गावात आली त्याला एक्केचाळीस वर्षं झाली होती. एक्केचाळीस वर्षांतली पहिली वीस तिने सासरच्या मागच्या चुलीपाशी काढली, कारण बाहेरून आलेल्या सुनेची जागा तीच. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा ऑकलंडला, तो नाताळात फोन करायचा. ती राहायची ती जमीन नवऱ्याच्या घराण्याची, आणि त्या घराण्याचे प्रमुख म्हणजे तुईसाउला, तिचे चुलतदीर आणि गावातले सर्वांत मोठे मानकरी. त्यांनी 'राहा' म्हटलं म्हणून ती राहत होती. रक्ताचं असं गावात तिचं कुणी नव्हतं.

चटया मात्र तिच्यासारख्या कुणी विणत नसे. उजवा अंगठा कधीतरी मोडून वाकडाच बसलेला, त्यामुळे तिच्या चटईची एक कड किंचित तिरकी यायची आणि त्यावरून चटई तिची हे ओळखू यायचं. बिंगोमध्ये ती सर्रास लबाडी करायची. पकडली गेली की म्हणायची, "डोळ्यांना दिसत नाही गं बायांनो, सोळाचे एकसष्ट झाले." गुडघा दुखायचा. पाणी भरायला ती खालच्या झऱ्यापर्यंत जायची आणि वर येताना चार वेळा थांबायची.

फुआतिनोला ती आवडली. तिच्याजवळ बसून ती विणायला शिकू लागली.

"अगं, पट्टी अशी ओढतात का? जावई ओढून नेतेस की काय?" लोसा म्हणायची.

"मावशी, तुम्ही चर्चला इतकं कमी का देता?" फुआतिनोने एकदा विचारलं. तिच्या अभ्यासात असले प्रश्न विचारायला शिकवलं होतं.

"कंजूष आहे मी," लोसा म्हणाली. "लिही. एवढं लिही आणि वही मीट."

पण फुआतिनोने दोन शनिवार बघितलं होतं. लोसा एकटी राहायची आणि शनिवारी सकाळी चुलीचे दगड तापवायची ते सहा माणसांचं जेवण रांधायला. तारोचे कंद, नीरफणस, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं. मग ओल्या झावळ्यांच्या दोन टोपल्या विणून, त्यात सगळं भरून, काठीच्या दोन टोकांना अडकवून ती लाव्हाच्या दिशेने चालू लागायची. भर उजेडात, सगळ्या घरांसमोरून. आमच्या घरांना भिंती नसतात. तरी ती जाताना जो तो पाठ करून बसलेला असायचा. कुणाला नेमकं तेव्हाच खोबरं किसायचं असायचं, तर कुणाच्या पोराच्या डोक्यात उवा सापडायच्या.

तिसऱ्या शनिवारी फुआतिनो तिच्या वाटेत उभी राहिली. "मावशी, एक टोपली मी घेते."

लोसाने नाही म्हणायला तोंड उघडलं. मग गुडघ्यावर हात ठेवला आणि काठी खाली टेकवली. मला विचाराल तर सगळं तिथेच बिघडलं. त्या दिवशी गुडघा दुखत नसता तर तिने पोरीला हाकलून दिलं असतं.

काळ्या दगडावर उन्हाच्या झळा नाचत होत्या. दोघी गावाच्या हद्दीवरच्या पांढऱ्या रंगवलेल्या दगडापाशी आल्या. लोसा थांबली. "कुणी विचारलं तर इथून पुढं तू आली नाहीस. कळलं?"

"कळलं."

रस्त्याकडेच्या सरकारी तुकड्यावर निळ्या ताडपत्रीचं छप्पर होतं. चार मुलं पळत आली. सर्वांत धाकटीच्या पायावर फोड होते आणि त्यांवर माश्या बसल्या होत्या. त्यांची आई पुढे झाली आणि टोपल्या आत घेऊन गेली. आत एक पुरुष पाठमोरा बसून राहिला. त्याने मान वळवली नाही तरी फुआतिनोने त्याला खांद्यांवरून ओळखलं. तो इओसेफो होता, लहानपणी तिला होडीत बसवून नेणारा.

इओसेफोचं काय झालं ते तिने आपियात ऐकलं होतं. जमिनीच्या भांडणात प्रमुखांच्या बैठकीने दिलेला निकाल त्याने मानला नाही आणि गावाचं भांडण कोर्टात नेलं. बैठकीने त्याला घरादारासकट गावाबाहेर काढलं. घर उतरवलं, डुकरं मारली, तारोचं शेत उपटून टाकलं. वर हुकूम असा, की जो त्यांना अन्न देईल किंवा त्यांच्याशी बोलेल, तो त्यांच्याच वाटेने जाईल. दोन वर्षं झाली होती.

परतताना फुआतिनोने विचारलं, "मावशी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. दर शनिवारी वाटते." लोसा धापा टाकत चालत होती. "ती धाकटी माझ्या हातावर जन्मली. दाई यायच्या आधीच बाहेर. नाळ मी कापली. आता कसं करतेस, सांग? प्रमुखांचा हुकूम तिच्या पोटाला कसा समजावतेस?"

मग ती म्हणाली, "माझं नाव तुझ्या तोंडून निघता कामा नये."

"शप्पथ, मावशी."

फुआतिनोने शब्द दिला तो मनापासून. सहाव्या आठवड्यात तुईसाउलांनी तिला बोलावलं. पांढऱ्या केसांचे, शांत आवाजाचे गृहस्थ. त्यांनी तिला कोको दिला, कॉलेजची चौकशी केली, तिच्या वडिलांची आठवण काढली.

"लोसाकडे बरंच बसतेस म्हणे."

"विणायला शिकते."

"छान. विणायलाच शीक." त्यांनी कप खाली ठेवला. "पोरी, गावाला कान किती असतात, आणि तोंड किती असावं, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं."

तिला वाटलं, ते तिला धमकावताहेत. घरी येऊन ती आत्याला म्हणाली तसं. आत्या कपडे घडी करत होती, तिने मान वर केली नाही. "ते धमकावत नव्हते," एवढंच म्हणाली. पुढच्या शनिवारी हद्दीवरच्या दगडाला नवा पांढरा रंग लागला होता, अजून ओला. कुणी लावला ते कुणी सांगेना. लोसाने वाकून बोट लावून बघितलं, बोट लुगड्याला पुसलं आणि काठी खांद्यावर घेऊन ती पुढे गेली. त्या दिवशी फुआतिनो दगडापासूनच परत फिरली.

दहावा आठवडा आला. वहीत सत्तर नावं होती आणि सगळी चर्चच्या वहीतली. फोनवर निधीच्या बाई म्हणाल्या, "हे सगळं गाजावाजाचं दान झालं, फुआतिनो. मुकाट्याने देणारं कुणी नाही का तुमच्याकडे?" फुआतिनो फोन ठेवून समुद्राकडे बघत बसली. लोसाचं पाण्याचं भांडं डोळ्यांसमोर आलं, चढावरचे ते चार थांबे आले. टाकी बसली तर तिला झऱ्यावर जावं लागणार नाही. नाव नाही घ्यायचं, गाव नाही सांगायचं, कुणाला देते ते नाही सांगायचं. नुसती गोष्ट सांगायची. टाकीचं मग निधीच्या बाईंना आपियात एकटीला गाठून सांगता येईल. तिला वाटलं, यात शब्द मोडत नाही. मोडत नव्हताही, तिच्या हिशेबाने.

सोमवारी दुपारी चर्चच्या सभागृहात गाव जमलं. प्रमुख खांबांना पाठ लावून बसले, बायका चटयांवर. पाद्रीबाई वही मांडीवर घेऊन मधोमध. लोसा कडेला, पाय लुगड्याखाली झाकून, पंख्याने वारा घेत.

फुआतिनो उभी राहिली. "एका गावात एक बाई आहे," ती म्हणाली. "ती दर शनिवारी दोन टोपल्या भरून घेऊन जाते. तिचं नाव कुठल्याही वहीत पहिलं येत नाही."

पंखे थांबले. एकदम सगळे थांबले. आत्याला खोकला आला आणि तो थांबेना. तुईसाउलांनी डोळे मिटले. फुआतिनोला वाटलं, गोष्ट लोकांना भिडली.

ती बसली तसा कोपऱ्यातला एक म्हातारा जोरात म्हणाला, "आमची सासू असणार ती! मेली तरी टोपली सोडली नाही!" सगळे हसले, हवं त्यापेक्षा जास्त हसले.

"पण नाव?" पाद्रीबाईंनी पेन्सिल उचलली. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "एवढं सुंदर दान, आणि नावाशिवाय कसं लिहू?"

"माझं लिहा!" एक बाई ओरडली.

"तिचं कसलं! ती तर नवऱ्याला वाढायला कुरकुरते. माझं लिहा, पाद्रीबाई!"

"दोन टोपल्या? मी चार नेते!"

बघता बघता सात-आठ बायकांनी हात वर केले. त्यांत आत्याही होती. सभागृहात गोंधळ, हशा, एकमेकींना ढकलणं. फुआतिनोचे कान तापले. या बायका, ज्यांनी लोसाच्या नावावर दर रविवारी खिदळायचं, त्या आता तिचं दान असं चेष्टेवारी लुटत होत्या! तिला राग अनावर झाला. ती पुन्हा उभी राहिली.

"तुमच्यापैकी कुणी नाही!" ती म्हणाली. "तुम्ही सगळ्या धडधाकट आहात. तिचा गुडघा दुखतो, चढावर चार वेळा थांबते, तरी ती जाते!"

हशा असा थांबला की बाहेरच्या कोंबड्या ऐकू आल्या.

"गुडघा?" पाद्रीबाई म्हणाल्या. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "मग आपल्या लोसाबाईच की!" आणि त्या टाळ्या वाजवू लागल्या. एकट्याच. चार-पाच टाळ्यांनंतर त्यांचेही हात हवेतच राहिले.

वर केलेले हात एकेक करून खाली आले. फुआतिनोने आत्याकडे बघितलं, आणि आत्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून तिला सगळं एकदम कळलं. या बायका दान लुटत नव्हत्या. सगळ्या गावाला सगळं ठाऊक होतं. दोन वर्षं ठाऊक होतं. पाठ करून बसणारी ती माणसं लोसाला वाट करून देत होती, आणि आता हात वर करून तिला झाकत होती.

तुईसाउलांनी डोळे उघडले. आता प्रमुखांच्या कानांवर पडलं होतं, सगळ्या गावासमोर पडलं होतं, आणि त्यांना विचारणं भाग होतं.

"लोसा." त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता. "त्या लाव्हाकडे तुझी डुकरं आहेत ना? डुकरांना घालायला नेतेस. होय ना?"

लोसाला डुकरं नव्हती. सगळं गाव श्वास धरून तिच्या 'होय'ची वाट बघत होतं. कुणीतरी पुटपुटलंसुद्धा, "हो म्हण, बाई, हो म्हण."

लोसाने पंखा खाली ठेवला. तिचा वाकडा अंगठा लुगड्याच्या काठावरून फिरत राहिला. ती लबाड बाई, बिंगोत सोळाचे एकसष्ट करणारी. तिला एकच शब्द बोलायचा होता.

"डुकरं कशी म्हणू, दादा?" ती म्हणाली. "मुलं आहेत ती. धाकटीला तुम्हीच नाव दिलंत."

तुईसाउलांनी मान खाली घातली. मग त्यांनी फुआतिनोकडे बघितलं. "आणि तुला ठाऊक होतं, टोपल्या कुणाकडे जातात?"

फुआतिनोने तोंड उघडलं.

"तिला काही ठाऊक नाही," लोसा आधीच म्हणाली. "शहरातली पोर. मी तिला सांगितलं, बहिणीकडे नेते."

तुईसाउला अजून फुआतिनोकडेच बघत होते. ती एक शब्द बोलली असती तर तो ऐकला गेला असता. ती बोलली नाही. तिने मोत्यासारख्या अक्षरांनी भरलेली वही छातीशी घट्ट धरली आणि खाली बघितलं.

मंगळवारी सकाळी बैठक झाली. फार चालली नाही. त्या संध्याकाळी आत्याने जेवण वाढलं आणि समोर बसली.

"सगळ्यांना माहीत होतं, तर मला का नाही सांगितलंस?" फुआतिनो रडत म्हणाली.

"सांगितलं असतं तर ते बोलणं झालं असतं ना," आत्या म्हणाली. "माहीत असणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. तू इथली आहेस, मला वाटलं तुला कळत असेल."

बुधवारी सकाळच्या बसला लोसा निघाली. दोन चटया, एक पेटी, एक भांडं. उपोलूवर तिच्या भावाची मुलं होती, ज्यांनी तिला शेवटचं बघितलं तेव्हा ती मुलं अजून शाळेत जात होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं बसली होती. त्या दिवशी कुणी पाठ केली नव्हती, पण कुणी उठलंही नाही. फुआतिनोने पेटी उचलून बसपर्यंत नेली. तिला कुणी अडवलं नाही.

"मावशी, माझ्यामुळे झालं."

"हो," लोसा म्हणाली. "तुझ्यामुळे."

बसवाल्याने चटया टपावर टाकल्या. लोसाने पायरीवर पाय ठेवला, गुडघा धरला, फुआतिनोने दंडाला आधार दिला. लोसा वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर सोपं झालं असतं.

"गप्प बसलीस ते बरं केलंस. दोघी हाकलून दिल्या असत्या तर काय उपयोग होता?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "धाकटीच्या पायाला मीठ-पाणी लावायचं, नुसतं खायला देऊन भागत नाही. चुलीचे दगड माझेच वापर, ते फुटत नाहीत. शनिवारी लवकर नीघ, ऊन फार होतं."

तिने उत्तराची वाट बघितली नाही, तिला ते मिळालंच आहे असं समजून ती आत जाऊन बसली. बस हलली. फुआतिनो रस्त्यात उभी राहिली. दोन्ही बाजूंच्या घरांमधून गाव तिच्याकडे बघत होतं. आपियाला परत जायचं तिचं बोटीचं तिकीट शुक्रवारचं होतं.